१४ आठवड्यांचे बाळ घरी ठेवून रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला जावे का?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. बाळ १४ आठवड्यांचे आहे आणि फक्त अंगावर पिते. तुम्ही मेलबर्नमध्ये राहता, आणि बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई अजून तुमच्याकडे आहेत. तीन आठवड्यांनी साउथबँकच्या एका सभागृहात ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी, गायक, वादक आणि नर्तकांचा कार्यक्रम आहे, सोबत पॉसम या झाडांवर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्याच्या शालींचे छोटे प्रदर्शनही आहे, आणि मैत्रिणीने दोन तिकिटे काढून ठेवली आहेत. जाण्यायेण्यासह तुम्ही संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा, म्हणजे साडेचार तास, घराबाहेर असाल. सासूबाईंना हे पटत नाही, नवरा "तुला वाटेल तसे कर" म्हणतो, आणि एवढ्या लहान बाळाला सोडून केवळ गाणे ऐकायला जाणे हा स्वार्थ आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी व्हिक्टोरिया राज्यात माता-बाल आरोग्य परिचारिका आणि स्तनपान सल्लागार म्हणून १९ वर्षे काम करते आहे. तुमचा मजकूर वाचताना एक गोष्ट लक्षात आली. "स्वार्थ" हा शब्द तुम्ही तीन वेळा लिहिला आहे, पण दूध किती काढून ठेवायचे, बाळ ते कशातून पिईल, मध्येच रडले तर कोणी काय करायचे, यातले काहीही विचारलेले नाही. पहिल्यांदा बाळाला सोडून बाहेर पडणाऱ्या बहुतेक आयांच्या बाबतीत मी हेच पाहिले आहे. व्यवस्था ठरलेली नसते म्हणून मनात भीती असते, आणि त्या भीतीलाच आपण अपराधीपणा समजून बसतो. मग उत्तर शोधताना आपण स्वतःच्या स्वभावाची झडती घेत राहतो आणि फ्रीजमध्ये दूध किती आहे हे पाहायचे राहून जाते. म्हणून मी दुधापासूनच सुरुवात करते. व्यवस्था पक्की झाल्यावरही मन खात असेल, तर त्याचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तोही पुढे केला आहे.

त्याआधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगायला हवे, कारण माझे पुढचे सगळे बोलणे दिवस भरून जन्मलेल्या, वजन नीट वाढत असलेल्या आणि तब्येतीची तक्रार नसलेल्या बाळाला लागू आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, वजनाची काळजी चालू असेल, किंवा तुम्हाला पाजताना अजून वेदना होत असतील, तर आधी तुमच्या भागातल्या परिचारिकेला भेटा. तुमच्या बाळाची चार महिन्यांची तपासणी जवळ आलीच आहे, तेव्हा हा विषय तिथे मोकळेपणाने काढता येईल. बाळ सहा आठवड्यांचे असते तर मी थोडे थांबायला सांगितले असते. त्या वयात संध्याकाळची किरकिर सर्वाधिक असते, बाळ दिवेलागणीपासून दर तासाला छाती मागते, आणि तेव्हा घरी राहणाऱ्या माणसाची परीक्षा होते. साडेतीन-चार महिन्यांपर्यंत ती किरकिर बहुतेक बाळांमध्ये ओसरते. तुमची वेळ त्या दृष्टीने बरी आहे.

आता दूध. एक ते सहा महिन्यांचे, फक्त अंगावर पिणारे बाळ दिवसभरात सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. बाळाबाळांत फरक बराच असतो, पण हिशेबासाठी तासाला सुमारे ३० मिलिलिटर धरले तर साडेचार तासांना १३५ मिलिलिटर होतात. तुम्ही २०० ठेवा. त्याहून जास्त साठवण्याच्या मागे लागू नका, कारण डबेच्या डबे भरून ठेवण्याच्या धडपडीत आई दमते आणि गरजेपेक्षा जास्त दूध तयार होऊ लागले की गाठी होतात. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर बहुतेक बायकांना दूध भरपूर असते. त्या वेळी ३० ते ५० मिलिलिटर काढायला सुरुवात करा. हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करायचे काम नाही. तीन आठवडे हातात आहेत, त्यातले पहिले दहा दिवस सरावाचे समजा. सुरुवातीला पंपातून चमचाभरच दूध आले तर दूध कमी आहे असा अर्थ काढू नका. बाळ ओढते तसे यंत्र ओढत नाही, आणि अंगाला यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो.

काढलेले ताजे दूध २६ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या खोलीत सहा ते आठ तास टिकते, पण फ्रीज असताना ते बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, जिथे सर्वांत गार असते तिथे, ७२ तास ठेवता येते. दाराच्या कप्प्यात ठेवू नका. वेगळे दार असलेल्या फ्रीझरमध्ये ते तीन महिने चालते. दोन वेळचे दूध एकत्र करायचे असेल तर नवीन दूध आधी फ्रीजमध्ये गार करा आणि मगच आधीच्या गार दुधात मिसळा. गोठलेले दूध रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावे, वितळल्यावर २४ तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून ते कोमट करावे, मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण त्यात दूध एकसारखे तापत नाही आणि बाळाचे तोंड भाजू शकते. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध टाकून द्यावे लागते, म्हणून ५० ते ६० मिलिलिटरचे छोटे भाग करून ठेवा. कष्टाने काढलेले १०० मिलिलिटर दूध मोरीत ओतताना डोळ्यांत पाणी आलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

बाळ बाटली घेईल का, याचे उत्तर कोणीही आधी देऊ शकत नाही. काही बाळे पहिल्याच दिवशी घेतात, काही तोंड फिरवतात. बाटली तुम्ही स्वतः देऊ नका. बाळाला तुमचा वास येतो, आणि जवळ छाती असताना त्याने रबराची बोंडशी का चोखावी? नवऱ्याला द्यायला सांगा आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. बाळ भुकेने कळवळत असताना पहिला प्रयोग करू नये. थोडी भूक लागलेली, पण मन शांत असताना करावा. बाळाला उभट धरून बाटली आडवी ठेवली आणि मध्ये मध्ये थांबले की दूध भराभर घशात उतरत नाही. एवढे करूनही बाटली नकोच असेल, तर सासूबाईंना बोंडल्याबद्दल विचारा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळांना वाटी-चमच्याने आणि बोंडल्याने पाजले आहे, आणि स्वच्छ उकळलेल्या वाटीतून थोडे थोडे दूध पाजण्याची पद्धत आजही रुग्णालयांत वापरली जाते. या एका बाबतीत तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त जाणणारे माणूस बसलेले आहे.

सासूबाईंचा विषय इथेच घेते. त्यांचा विरोध गाण्याला आहे असे मला वाटत नाही. परक्या शहरात, जिथे शेजारणीला हाक मारता येत नाही, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलावे लागते आणि मुलगा कामावरून उशिरा येतो, तिथे रात्री साडेचार तास तान्ह्या बाळाची जबाबदारी एकटीवर येणे ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही. "आई, मी जाऊ का?" असे विचारले तर त्या नाही म्हणतील, कारण हो म्हणणे म्हणजे सगळी जोखीम स्वतःवर घेणे. त्यापेक्षा त्या रात्रीची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी, त्याने सहा वाजता घरी असावे, आणि आईंना त्याच्या मदतीला राहायला सांगावे. नवऱ्याचे "तुला वाटेल तसे कर" हे उत्तर दिसायला उदार आहे, पण त्यात तो स्वतः कुठेच नाही. त्याने "मी सांभाळतो" म्हणायला हवे आणि त्यासाठी दोन आठवडे आधीपासून बाळाला झोपवण्याची सवय करायला हवी. कार्यक्रमाच्या आधी एकदा दोन तासांसाठी बाहेर जाऊन या. ती रंगीत तालीम सगळ्यांसाठी आहे, तुमच्यासाठीही.

घरी राहणाऱ्यांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात, आणि त्या मुलाने आपल्या आईला सांगाव्यात, सुनेने नाही. सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी काहीही देऊ नये, आणि मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटालासुद्धा लावू नये, कारण त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाला पाठीवरच झोपवावे, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात, चेहरा उघडा ठेवून, आजूबाजूला उश्या आणि जाड पांघरुणे न ठेवता. बाळाच्या रडण्याने हैराण झालेली आजी प्रेमाने त्याला पोटावर निजवते किंवा सोफ्यावर छातीशी घेऊन स्वतःही डुलकी काढते. हे दोन्ही धोक्याचे आहे. काही शंका आली तर व्हिक्टोरियात माता-बाल आरोग्याची दूरध्वनी सेवा २४ तास चालू असते आणि तिथे दुभाष्याची सोय होते. तो क्रमांक फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

बाळाला सोबतच नेले तर? काही कार्यक्रमांना हे चांगले जमते. उघड्यावर, हिरवळीवर बसून ऐकण्याचा कार्यक्रम असेल, तर कंटाळलेल्या बाळाला घेऊन उठता येते. बंद सभागृहात ध्वनिवर्धकांचा आवाज लहान कानांना त्रासदायक ठरतो. बाळांसाठी कानांवर बसवायची आवरणे मिळतात, पण १४ आठवड्यांचे बाळ अडीच तास ती ठेवून घेईल असे मी समजत नाही. शिवाय मांडीवर बाळ असताना तुमचे अर्धे लक्ष त्याच्या श्वासाकडे असेल. तुम्ही लिहिले आहे, "मला एकदा पूर्ण ऐकायचे आहे." म्हणून या वेळी बाळ घरी राहावे असे माझे मत आहे. याच कारणासाठी मी तुम्हाला दिवसाचा पर्याय सुचवत नाही. फेडरेशन स्क्वेअरमधली चित्रदालने किंवा कार्लटनच्या मेलबर्न संग्रहालयातले बुंजिलाका हे ॲबोरिजिनल संस्कृतीचे दालन बाळगाडी घेऊन भर दुपारी सहज पाहता येते, आणि तुम्ही ते नक्की पाहावे. पण रात्री गाणे ऐकण्याची इच्छा असलेल्या बाईला दुपारच्या संग्रहालयाचा पत्ता देणे म्हणजे तिच्या प्रश्नाला बगल देणे आहे.

त्या संध्याकाळचा क्रम मी असा ठेवीन. सव्वासहाला बाळाला पोटभर पाजून निघा. साडेतीन तासांनी, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास, छाती दाटून येईल, म्हणून मध्यंतरातच थोडे दूध हाताने काढून टाका. पूर्ण रिकामे करण्याची गरज नाही, ताण कमी होईल एवढेच पुरे. सभागृहात बाळ असलेल्या आईसाठी खोली आहे का हे आधी दूरध्वनीवर विचारून ठेवा. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना एका सभागृहात मला "स्वच्छतागृहात जा" असे सांगण्यात आले होते आणि मी खाली मान घालून गेले. आज मी गेले नसते. स्तनपानावरून भेदभाव करणे हे १९८४ च्या लिंगभेदविरोधी केंद्रीय कायद्यानुसार बेकायदा आहे, आणि त्यात दूध काढण्याचाही समावेश होतो. कपडे पुढून उघडणारे आणि गडद नक्षीचे घाला, दूध टिपणाऱ्या घड्यांच्या दोन जोड्या पर्समध्ये ठेवा. मैत्रिणीसोबत वाइन घ्यायची असेल तर नियम सोपा आहे: पाजणाऱ्या आईने मद्य न घेणे सर्वांत सुरक्षित. घेतलेच तर एका प्रमाणित पेयातले, म्हणजे १० ग्रॅम, मद्य अंगातून जायला सुमारे दोन तास लागतात, आणि दूध काढून टाकल्याने ते लवकर जात नाही. ते रक्तातून जाते तेव्हाच दुधातून जाते.

इथवर व्यवस्थेचे झाले: २०० मिलिलिटर दूध, छोट्या भागांत; बाटली किंवा बोंडले, नवऱ्याच्या हातून; एक तालीम; सासूबाई मदतीला, एकट्या जबाबदार नाहीत. आता ज्यासाठी जायचे त्याबद्दल बोलू, कारण या कार्यक्रमाला जाणाऱ्या ओल्या बाळंतिणीला दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात असे मला वाटते.

तुम्ही लिहिले आहे की डहाणूकडे लहानपणी ऐकलेल्या तारप्याचा, त्या आदिवासी फुंकवाद्याचा, न तुटणारा सूर तुमच्या कानांत आहे आणि तसेच काही इथे ऐकायला मिळेल अशी तुमची अपेक्षा आहे. ज्याला जग डिजेरिडू म्हणते त्या लांब पोकळ लाकडी वाद्यातही श्वास नाकाने घेत तोंडाने फुंकत राहण्याची तीच विद्या आहे. पण ते वाद्य मुळात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे आहे. ईशान्य आर्नहेम लँडचे योल्ङु लोक त्याला यिदाकी म्हणतात. मेलबर्न ज्या भूमीवर उभे आहे ती कुलिन समूहातल्या वुरुंजेरी आणि बुनुरोंग लोकांची. या आग्नेय भागातले जुने संगीत कंठाचे, टाळकाठ्यांचे, निलगिरीच्या पानाला ओठ लावून वाजवण्याचे आणि पॉसमच्या कातड्याचे आहे. बायका पॉसमच्या कातड्याची घट्ट घडी करून मांड्यांवर धरत आणि तिच्यावर तळहाताने ताल देत. त्यामुळे त्या रात्री यिदाकी ऐकू आले नाही, तर काही राहून गेले असे समजू नका. जे वाजेल ते कुठल्या भूमीचे आहे, एवढे लक्ष देऊन ऐका. कार्यक्रमाच्या आरंभी त्या भूमीचे वडीलधारे स्वागत करतील. तो औपचारिक भाग नसतो, म्हणून उशिरा पोचू नका. मोबाइलवर चित्रण करण्याआधी परवानगी आहे का ते पाहा, कारण काही गाणी आणि नृत्ये विशिष्ट घराण्यांची असतात आणि ती कोणी कुठे दाखवावीत हे त्यांनाच ठरवायचे असते.

प्रदर्शनातल्या त्या शालींसमोर मात्र तुम्ही थोडा वेळ काढा. आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या थंडीत बाळ जन्माला आले की त्याला पॉसमच्या कातड्यांच्या छोट्या शालीत गुंडाळत, आणि मूल वाढेल तशी एकेक कातडे जोडून शाल मोठी करत. आतल्या बाजूला कुळाच्या आणि भूमीच्या खुणा कोरलेल्या असत. माणूस गेला की अनेकदा त्याच शालीत त्याला पुरत. म्हणून जुन्या शाली फार थोड्या उरल्या. मेलबर्न संग्रहालयात १९व्या शतकातल्या दोन आहेत, एक लेक कोंडाह येथली, दुसरी मरी नदीकाठच्या एचुका भागातली. १९९९ मध्ये काही ॲबोरिजिनल स्त्री कलावंतांनी त्या जुन्या शाली जवळून पाहिल्या आणि ही विद्या पुन्हा हातात घेतली. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात व्हिक्टोरियातल्या समाजांचे वडीलधारे अशा नव्या शाली पांघरून आले होते. आज काही घरांत नव्या बाळाला पुन्हा अशा शालीत घेतले जाते. माझ्या एका तपासणीच्या वेळी एका तरुण आईने बाळ वजनकाट्यावर ठेवण्याआधी अशी शाल उलगडली. मला माझ्या आजीच्या जुन्या नऊवारीचे मऊ दुपटे आठवले, पण मी ते बोलून दाखवले नाही. त्या वेळी फक्त पाहायचे होते. जे कातडे बाळाला पांघरायचे तेच घडी करून त्यावर ताल धरायचा, हे एकदा कळले की त्या संगीतातली बाई आणि बाळ वेगळे काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. अशा संध्याकाळी मुलांना आयांपासून तोडल्याची गाणी असतात. व्हिक्टोरियात १८६९ च्या कायद्याने ॲबोरिजिनल मुलांनी कुठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारी मंडळाला दिला, आणि पुढे देशभर अशी धोरणे चालली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजाप्रमाणे १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दहा मुलांमागे एक मूल घरातून काढून नेले गेले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. आर्ची रोच हे गायक याच व्हिक्टोरियातले. त्यांना लहानपणी फ्रामलिंगहॅम या ॲबोरिजिनल वस्तीतून नेण्यात आले आणि १९९० मध्ये त्यांनी त्यावर गाणे गायले. ते २०२२ मध्ये गेले. अनेक ॲबोरिजिनल समाजांत गेलेल्या माणसाचे नाव घेणे टाळतात; त्यांचे नाव आणि चित्र वापरायला त्यांच्या कुटुंबाने संमती दिलेली असल्यामुळेच मी इथे नाव लिहिते आहे. बाळे काढून नेण्याच्या या व्यवस्थेत रुग्णालये होती, परिचारिकाही होत्या. माझ्याकडे येणारी एखादी ॲबोरिजिनल आई बाळाला घट्ट धरून दाराजवळच्या खुर्चीवर बसते, तेव्हा ती माझ्या गणवेशाकडे का पाहते हे मला ठाऊक असते, आणि तिचा विश्वास मिळवणे ही माझी जबाबदारी असते, तिची नव्हे.

हे सांगण्यामागे वैद्यकीय कारणही आहे. पाजणाऱ्या आईला पान्हा फुटतो तो केवळ बाळाने ओढल्यामुळे नव्हे. बाळाचे रडणे ऐकून, त्याची आठवण येऊन, कधी दुसऱ्याच्याच बाळाच्या आवाजानेही फुटतो. मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या स्नायूपेशी आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. मी त्या पाच महिन्यांच्या मुलीला घरी ठेवून गेले होते, तेव्हा मंचावर एक वृद्ध गायिका तिच्या आईबद्दल गात होती. ती आई रोज रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. दुसऱ्या कडव्याला माझ्या दोन्ही घड्या भिजल्या, ब्लाउज भिजला, आणि मी रडत होते. मला उठून घरी धावावेसे वाटले. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने काही न बोलता स्वतःचा स्कार्फ माझ्या हातात दिला. मी तो छातीवर धरून शेवटपर्यंत बसले. तुमच्याबाबत असे झाले तर घाबरू नका. तळहात स्तनाग्रांवर थोडा वेळ घट्ट दाबून धरल्यास धार थांबते. बाहेर जाऊन घरी एक दूरध्वनी करावासा वाटला तर जरूर करा आणि परत येऊन बसा. तुमचे बाळ तुमच्या इच्छेने, तुमच्या माणसांजवळ झोपले आहे. त्या गाण्यातल्या आयांना ती निवड कोणी दिली नव्हती. हा फरक मनात असू द्या, आणि त्यांचे दुःख आपल्या साडेचार तासांच्या दुराव्यासारखे आहे असे मात्र म्हणू नका.

तरीही एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. व्यवस्था सगळी झाली, तालीम नीट पार पडली, तरी मन सतत धास्तावलेले राहत असेल, बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, किंवा हे गाणेच काय, आवडते असे काहीच नको वाटत असेल, तर प्रश्न या कार्यक्रमाचा नाही. ऑस्ट्रेलियात बाळंतपणाच्या आगेमागे पाचांपैकी एका आईपर्यंत चिंता किंवा नैराश्याचा त्रास होतो. आमच्याकडे दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली असते, ती भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत. "बाळंतिणीला असे व्हायचेच" म्हणून ती टाळू नका. तुमच्या मजकुरात मला तसे काही दिसले नाही. उलट तारप्याची आठवण सांगताना तुमची वाक्ये लांब आणि मोकळी झाली आहेत. पण लिहिलेल्या चार ओळींवरून मी निदान करू शकत नाही, म्हणून चार महिन्यांच्या तपासणीला ते प्रश्न आपणहून मागून घ्या.

परतल्यावर बाळ जागे असेल तर कोट काढण्याआधी हात धुऊन त्याला घ्या आणि पाजा. झोपले असेल तर उठवू नका. छाती फार दाटली असेल तर थोडे दूध काढा, नाहीतर पहाटेपर्यंत गाठ धरते. पहिल्या खेपेला बाळ कदाचित रागावल्यासारखे तोंड फिरवील, थोडे दूध पिऊन थांबेल, तुमच्याकडे टक लावून पाहील. कपड्यांना सभागृहाचा, अनोळखी माणसांचा वास असतो, तो त्याला वेगळा वाटतो. वरचा कपडा बदला आणि त्याला उघड्या छातीशी धरून बसा. सासूबाई जाग्या असतील, बहुधा असतीलच. बाळ किती वाजता झोपले, किती प्यायले, हे त्या सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या, आणि मग त्या पॉसमच्या शालीबद्दल त्यांना सांगा.